टोफूच्या पाण्यावर लग्न

३ मे, सकाळी ६
आजपासून नियमित लिहिणार. आमच्या वाडीतले टोफूवाले आंबट पाणी नाल्यात सोडतात. ते नाल्यातून टाकीत जाऊन कुजतं, गॅस होतो, अठरा घरांत शेगड्या पेटतात. साऱ्या जगाला इंधन कुठून पुरवायचं म्हणून मोठमोठे लोक परिषदा भरवतात. उत्तर माझ्या नाल्यात आहे. वाडीच्या गॅस समितीचा अध्यक्ष मीच. वास मात्र किळसवाणा.

५ मे
जाहीर केलं: आमच्या लेकीच्या, वेनिंगच्या लग्नाचा तीनशे माणसांचा स्वयंपाक याच गॅसवर. व्याही शहरातले, पेट्रोलपंपवाले. बघू देत म्हणावं. बायको रुमियाती म्हणाली, दोन सिलिंडर असू देत. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं सांगून घरातले तिन्ही सिलिंडर मेहुण्याकडे धाडले.

९ मे
नाल्याशेजारून गेलो, नाकाला रुमाल लावून. लग्नाला विहीणबाई इथूनच येणार! करसिमला झापलं. सगळ्यात मोठा टोफूवाला तो, सगळ्यात गलिच्छही तोच. म्हणतो, पाण्याला वास असायचाच. ही वृत्ती! शेवटी स्वतः दोन बाटल्या फिनेल ओतलं. नाला माणसात आला. संकल्प: रोज दोन बाटल्या.

१३ मे
ज्योत पिवळी. करसिम पाणी गायींना पाजत असणार. शिसारी येते असल्या माणसांची.

१६ मे
बाटल्या चार केल्या. वास जवळजवळ गेला. ज्योतही. योगायोग. सभा घेऊन सगळ्यांना सुनावलं. करावं एकाने, निस्तरावं दुसऱ्याने. घरी भात कच्चा. तांदूळ जास्त भिजवत जा, म्हणून रुमियातीला सांगितलं.

१८ मे
करसिमची तक्रार तालुक्याला केली होती. तिथून एक तंत्रज्ञ मुलगी आली, नाव रात्री. टाकीचं झाकण उघडून, मला मानाने 'पाक' म्हणत म्हणाली, "गॅस करणारे जंतू मेलेत, पाक. फिनेल कुणी ओतलं?"
चौकशी करतो म्हटलं. करसिम शेजारीच उभा होता. माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा गॅस यायला दीड महिना आणि चाळीस बादल्या शेण लागेल म्हणे. शेण!

२१ मे, पहाटे ४
आज लग्न. शेजारणी कालपासून कांदे-मिरच्या चिरतायत. सात कढया, ज्योत एकही नाही. सिलिंडर परत मागवणं तत्त्वात बसेना. रुमियातीने मला विचारलंसुद्धा नाही, सरळ करसिमकडे गेली. त्याने सोयाबीन उकळायच्या लाकडाच्या भट्ट्या रिकाम्या करून दिल्या. सगळं जेवण तिकडे. लाकूड, धूर, राख. किळस आली.

त्याच दिवशी, दुपारी ३
पंगत उठली. व्याही बोटं चाटत म्हणाले, मटणाला हा खमंग वास गॅसवर कसा आला? टोफूच्या पाण्याचा गुण, असं म्हणालो. वेनिंग मागेच उभी होती.
नंतर रीतीप्रमाणे ती माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून आजवरच्या चुकांची क्षमा मागायला बसली. मी डोळे पुसायला रुमाल काढला. ती हळूच म्हणाली, "माझं चुकलं असेल तर क्षमा करा, बाबा. आणि तुम्ही आज करसिमकाकांची मागा."
फोटोवाला म्हणाला, जरा हसा. हसलो.

संध्याकाळी ५
गेलो करसिमकडे. भट्टीतली राख ओढत होता. डोळे लाल, केसांत राख. तीनशे माणसं जेवली, तो अजून जेवला नव्हता. तोंड उघडलं. म्हटलं, "धूर फार होतो हो इथे."
"हो पाक," तो म्हणाला, "लाकूड ओलं होतं." आणि मला बसायला पाट सरकवला.
बसलो. उद्या नक्की मागेन.