पोटात दुखते म्हणून सांगतलं

३ नोव्हें., सोम.
फुलसावंगी रोडच्या वावरातली डीपी. जंपर, म्हणजे वरची जोडतार, तुटलेला, सकाळपासून पंप बंद. परमिट घेतलं, लाइन बंद केली, अर्थिंग लावलं, सगळं माह्याच हातानं. शिडीवर निम्मी चढली आणि हात सुटेना. छाती धडधड, तोंड कोरडं, बोटायले मुंग्या. वाटलं, आता मरते. तारेत करंट नाही हे मलेच सगळ्यात जास्त माहीत होतं, तरी.
तीन वर्षं झाली चढून राह्यली. कधी पडली नाही, कधी झटका बसला नाही. काहीच झालेलं नाही. मग काहून?
खालून आमच्या गँगचे जुने लाइनमन वानखडे भाऊ : "वर्षा, काय झालं वं? रंग काहून उडाला?"
घसरतच उतरली. आणि तोंडातून निघालं, "भाऊ, पोटात दुखून राह्यलं. ते… महिन्याचं."
भाऊनं लगेच मान फिरवली. बेल्ट माह्या कमरेचा काढून सोतः बांधला. रिटायर व्हायले चार वर्षं, गुडघा धरून धरून चढले. मी खाली बांधावर बसून, पोट धरून. पाळी जाऊन दहा दिवस झाले होते.

४ नोव्हें.
सुट्टी टाकली. उमरखेडले डॉक्टर मॅडमकडे. ईसीजी काढला. नॉर्मल. काहीतरी निघावं असं वाटत होतं, खरं सांगायचं तर. आजार असता तर सांगता आलं असतं.
मॅडम म्हणाल्या, घबराटीचा झटका आहे, हार्टचा नाही. "याच्यानं कोणी मरत नाही. चढते तशी उतरते. श्वास सोडायचा तो घ्यायच्यापेक्षा लांब. आणि समोर काय दिसते ते एकेक मनात म्हणा." पुन्हा पंधरा दिवसांनी या म्हणाल्या.
घरी आली तर याडी, माही माय, तुरीत निंदून येऊन दारात. "काई वेगो, छोरी?" काय झालं विचारते. ॲसिडिटी म्हणलं. तिनं जिरं उकळून दिलं, प्याली.
तांड्याच्या फाट्यावर माह्या फोटोचा बॅनर आहे अजून. खांबावर चढणारी आपल्या तांड्याची पहिली लेक. रोज त्याच्या खालून जा.

६ नोव्हें.
पुन्हा शिडी. चौथ्या पायरीवर सुरू झालं. श्वास सोडला लांब, मॅडमनं सांगतलं तसा. दिसते ते म्हणलं : पक्कड, बेल्टचं बकल, वेचणीचा कापूस, एक बगळा, भाऊचं टक्कल. बगळ्यापर्यंत बरं वाटलं. मग खाली पाहिलं, गेलं सगळं.
उतरली. भाऊनं विचारलंच नाही काही. मीच म्हणलं, अजून दुखते.

१० नोव्हें., सोम.
सकाळी सबस्टेशनच्या इंजिनिअर साहेबांनी सगळ्यायसमोर : "वर्षाले आता वर पाठवू नका. बायकायचं असते ते. सबस्टेशनवर रजिस्टर लिहील."
कोणी हसलं नाही. उलट सगळे समजून घेतल्यासारखे. एकानं मले खुर्ची दिली.
दिवसभर पंख्याखाली रीडिंग लिहिलं. बरं वाटलं. हे लिहून ठेवते : मले बरं वाटलं.

१३ नोव्हें., गुरु.
नवीन मुलगी जॉइन झाली. प्रणिता, पुसदकडची. स्वतःचे हातमोजे घेऊन आली, सहाव्या पायरीवरून एका हातानं काम करते म्हणे. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगतलं, तुम्ही पण खालीच. मुलीयले झेपत नाही, आमचा अनुभव आहे.
अनुभव म्हणजे मी.
संध्याकाळी पार्किंगमध्ये तिनं धरलंच. "ताई, तुम्ही साहेबाले काय सांगतलं? माहं काहून बंद केलं?"
"मी नाही सांगतलं काही."


१७ नोव्हें., सोम.
रजिस्टर लिहितानाच आलं. खांब नाही, शिडी नाही, खुर्चीवर. संडासात गेली, कडी लावली, भिंतीले पाठ टेकली. घड्याळ पाहिलं : ११.१०. पळायचं नाही असं ठरवलं. सोडायचा श्वास सहापर्यंत मोजला, घ्यायचा तीनपर्यंत. मरते वाटलं, तर म्हणलं, वाटू दे. टाइल्स मोजल्या. कुठं तुटलेली ते पाहिलं. ११.१९ ले पाय पुन्हा माहे झाले.
नऊ मिनिटं. पहिल्यांदा पळाली नाही. सांगावं तर कोणाले? कशाची नऊ मिनिटं म्हणून विचारतील.
बाहेर आली तर प्रणिता खिडकीतून गँगची गाडी जाताना पाहत होती.

१९ नोव्हें.
भाऊले सांगतलं. चहाच्या टपरीमागं, उभ्यानंच. पोट नव्हतं दुखत. दोन्ही वेळेस.
भाऊनं चहाचा कप खाली ठेवला. मग : "गुडघा सुजला माहा त्या दिवशी. दोन रात्री झोपलो नाही."
"भाऊ, चूक झाली."
"भेव वाटणं चूक नाही वं. मले पण वाटते. पण खोटं काहून बोलली? उद्या लाइन बंद आहे असं तू सांगशील, तर मी कोणाच्या भरोशावर चढू?"
येताना त्यायच्याच गाडीवर मागं बसली.

२० नोव्हें., गुरु.
आधी प्रणिता. तिनं पूर्ण ऐकलं. "ताई, खोटं नाही बोलत, मले कीव नाही आली. राग आला." आणि हातमोजे घेऊन निघून गेली.
मग साहेब. दार उघडं, बाहेर तिघं बसलेले. दार लावू का विचारायची हिंमत नाही झाली.
"म्हणजे भीती वाटते?"
"भीती नाही, साहेब, ते…" आणि मग म्हणलं, "हो. भीतीच. पण बायकायचं म्हणून नाही. माही एकटीची आहे. प्रणिताले चढू द्या."
साहेब पेन फिरवत बसले. लेखी द्या म्हणाले. यवतमाळले पाठवतो, मेडिकल होईल, मग लाइनवर ठेवायचं का ऑफिसला ते तिकडून ठरेल. प्रणिता उद्यापासून गँगमध्ये.
लिहून दिलं. 'खोटे कारण सांगितले' हे पण लिहिलं. अक्षर वाकडं आलं.
संध्याकाळपर्यंत सगळ्या सबस्टेशनले माहीत. खुर्ची देणाऱ्यानं मान खाली घातली. याडीले अजून माहीत नाही. तांड्यात आठवड्याभरात पोचेल.

२४ नोव्हें., सोम.
यार्डात एक जुना खांब आहे, तार नसलेला, शिकाऊ लोकायसाठी. पाच वाजता सगळे निघाल्यावर त्याच्यापाशी उभी होती. प्रणिता आली. शिडी लावली आणि खालून धरली.
बेल्ट बांधला. तिसऱ्या पायरीवर सुरू झालं. या वेळी तोंडानं सांगतलं, "प्रणिता, येऊन राह्यलं."
"येऊ द्या. मी आहे इथंच."
थांबली. सहापर्यंत सोडला, तीनपर्यंत घेतला. शिडी वाजत होती, तिले ऐकू जात असेल याची लाज. तरी उतरली नाही. धडधड कमी झाली तशी चौथी. पाचवी.
सहावीवर पाय गेला नाही. खूप वेळ उभी राह्यली, मग म्हणलं, "नाही होत."
"मग या खाली," ती म्हणाली. एवढंच.
भाऊ गेटवर गाडी पुसत होते. पाहत होते का नाही, कळलं नाही. यवतमाळचं पत्र आलं नाही. घरी जाऊन याडीले सांगायचं ठरवलं होतं. ती चुलीपाशी होती, आजूबाजूच्या दोघी बसलेल्या. त्या उठायची वाट पाहत हे लिहून राह्यली.