फळीखालची लादी

पेण,
३ जुलै २०२५

प्रिय मालूस अनेक आशीर्वाद.

जिच्या तळघरात नाल्याचं पाणी शिरलं आणि जिच्या कच्च्या मूर्तींचा पुन्हा चिखल झाला, त्या माझ्या बहिणीला हे पत्र. पाऊस पडला की गल्ली तुंबते आणि जाब द्यायला कोणी पुढे येत नाही, हे दुःख तुझं, माझं, साऱ्या गल्लीचं. बघ, पत्रातही माझी सभा सुरू झाली.

रोह्याला, तुझ्या घरी, पाऊस कसा आहे? भावोजींचा गुडघा? इथे पेणला पंप लावून तुझं कामाचं तळघर कोरडं केलं. शाडूची माती माझ्या मूर्तींच्या कारखान्याच्या माळ्यावर पसरली आहे, पुन्हा मळता येईल. उंच फळीवरचे गौरींचे दोन मुखवटे शाबूत निघाले. बाकी काही वाचलं नाही.

रविवारच्या गल्लीच्या सभेतलं माझं भाषण लोक अजून एकमेकांना मोबाइलवर दाखवतात. कारखान्यातला मोरू तर सांगत फिरतो, "कमळाकरदादा तापला की पावसाला पण घाम फुटतो." पालिकेत नालेसफाई बघणाऱ्या प्रतीक्षा मॅडमना मी भर सभेत विचारलं, "तुम्ही नाला साफ केलात, की नुसता कागद?" काय हशा पिकला! ती पोर म्हणाली, "साफ केला होता, सर. तुमच्या गल्लीतल्या नाल्यावरच्या लाद्या एकदा उघडून बघू द्या." मी गरजलो, "लाद्या आमच्या, बुडालेल्या मूर्ती आमच्या! तुमचं इथे आहे काय?" टाळ्या पडल्या. तू पहिल्या रांगेत होतीस, पदर डोळ्यांना लावून.

लाद्या तिला का उघडू दिल्या नाहीत, हे तू विचारलं नाहीस. कोणीच विचारलं नाही.

त्याच सकाळी एक लादी मी स्वतः उघडली होती. पालिकेचा गाळ सभेत दाखवावा म्हणून फोटो काढायला गेलो. गाळ होताच, घोटाभर. पण माझ्या कारखान्याचा पाइप जिथे नाल्यात उतरतो, तिथे पांढरा खडक वाढला होता. पहार मारली तर पहार उसळली. प्लास्टर, मालू. साचे, बादल्या, घमेली धुतलेलं माझं पांढरं पाणी तिथे थरावर थर बसून नाल्याएवढं झालं होतं. वरून आलेल्या पाण्याला पुढे वाट नव्हती. ते मागे फिरलं आणि तुझ्या तळघराच्या उतारावरून आत गेलं.

तू मला सांगायचीस, "दादा, ते पाणी पिपात निवळू दे, खाली बसलेलं उचलून टाक." आणि मी हसायचो, "वाहत्या पाण्यात काय बसतंय गो?" तू म्हणायचीस, "बसतंय ते दिसत नाय, म्हणून तर."

लादी परत बसवली. तिच्यावर फळी टाकली, फळीवर रंगवायच्या मूर्ती मांडल्या. देवाला पहाऱ्यावर बसवलं आणि संध्याकाळी सभेत उभा राहिलो.

परवा प्रतीक्षा मॅडम रस्त्यात भेटल्या. मान खाली घालून बाजूने गेल्या. त्यांची नोकरी कंत्राटावरची आहे. त्यांना काढा, हा अर्ज येत्या रविवारच्या सभेत सह्यांसाठी ठेवायचा आहे. मसुदा माझाच. पहिली सही तुझी, कारण सगळ्यांत जास्त तुझं बुडालं.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी तुला पटवलं असतं, मालू. काय पटवलं असतं ते मला ठाऊक नाही, पण पटवलं असतं. सभेत कबूल करायचं म्हणून काल आरशासमोर बोलून पाहिलं. ‘मी’ म्हणून सुरू केलं की वाक्य ‘आपण’वर जातं, आणि पुढे भरती-उधाण, उंच केलेले रस्ते, शासन. सगळं खरं. त्या सगळ्या खऱ्याच्या मागे मी लपतो.

तळघर पुन्हा भरेल. गणपतीला अजून अवकाश आहे, तू नव्याने मूर्ती करशील, आणि माझा खडक तिथेच असेल.

म्हणून रविवारी सकाळच्या गाडीने ये. अर्ज तुझ्यासमोर येईल, तेव्हा पेन हातात घेऊ नकोस. उभी राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं एवढंच म्हण: "दादा, मूर्ती बाजूला घे. फळीखालची लादी उचल."

पहार मी दाराशी काढून ठेवली आहे.

कमळाकर