लाल गालांची पोरं

प्रिय नेवेन्का,

अक्षर गिचमिड आहे, पण माझ्या हाताचं आहे. फेब्रुवारीत याच हाताला कपाची कडी धरवत नव्हती. मनगटं सुजलेली, सकाळी मुठी मिटायच्याच नाहीत. आपल्या इद्रिया गावात कुणाला नवल वाटलं नाही. लेस विणणारीची बोटं एक दिवस जायचीच, म्हणाल्या बायका, आणि मी तर साठ वर्षं विणतेय. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात संधिवाताची खूण निघाली. शरीर स्वतःवरच उलटलंय, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, म्हणाले. मी घाबरट! लेस विणायची उशी आणि धागे गुंडाळायच्या लाकडी दांड्या शेजारच्या तोंचकाला देऊनसुद्धा टाकल्या.

मग तू बर्फातून गाडी हाकत आलीस. माझा हात हातात घेऊन विचारलंस, “आई, तुमच्या मंगळवारच्या लेसच्या वर्गात कुणा पोराचे गाल लाल होते का हो?” मला रागच आला. म्हटलं, “अगं, बर्फात खेळून येतात पोरं, लाल नाही तर काय निळे होतील?” पण वर्गातल्या सगळ्यात छोट्या पोरीचे गाल थोबाडीत दिल्यासारखे होते खरे. मी तिला जवळ घेऊन तिच्या बोटांवर बोटं ठेवून शिकवत होते. तू शिकवतेस त्या बालवाडीत पोरांचे गाल लाल करणारा ताप येऊन गेलेला, त्यानंतर तुझ्या मैत्रिणीचेही सांधे असेच आखडलेले. आधी विषाणूची तपासणी, मग गोळ्या, म्हणून तू डॉक्टरांपुढे हटून बसलीस. पोरांकडून आलेला तो विषाणूच निघाला! पोरांबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. मेपर्यंत सूज उतरली. उशी परत मागताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंचका म्हणाली, “ने बाई, तुझ्या दांड्या माझं ऐकतच नाहीत.”

तू समुद्राकाठची, तुला धागा धरता येत नाही, म्हणून सात वर्षं सासूपणा करत मी तुला टोमणे मारले. त्याची मला लाज वाटते. तुझे उपकार मी विसरणार नाही.

तू आलीस तेव्हा तुझ्या आणि ब्लाझच्या घटस्फोटाची तारीख दोन आठवड्यांवर होती, हे मला माझ्या लेकाने नंतर सांगितलं. तू चकार शब्द काढला नाहीस. आता कागद झाले. तो म्हणतो, तिला आता त्रास देऊ नकोस. पण पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि अर्जात जवळच्या माणसाचं नाव मागितलं होतं. मी तुझं लिहिलं. नात्यापुढे ‘मुलगी’ लिहिलं. तुला न विचारता लिहिलं, म्हणून हे पत्र. नको असेल तर सांग, खोडीन.

तुझीच,
अलोयझिया आई