चाळीसगावला ओटा बघायला गेलो ती हकिकत

जळगाव,
सोमवार, १६ फेब्रुवारी १९७०

चि. अमृतलाल यास जीजीचा जय जिनेन्द्र आणि पोटभर आशीर्वाद.

आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत, तूही धुळ्याला खुशाल असशील असं धरून चालते, कारण तू स्वतःहून कधी कळवत नाहीस. खोकला गेला का? खानावळीतल्या डाळीत अजून सोडा घालतात का? घालत असतील तर तिथलं वरण बंद कर आणि ताक घे. शाळेत नकाशे टांगताना स्टुलावर चढू नकोस, पोरांना चढव. तुझे जिजाजी मजेत आहेत, दुकान ठीक चाललं आहे, सासूबाईंचे गुडघे... पण अमृत, खरं सांगायचं तर या पत्राचं कारणच तिथून सुरू होतं, म्हणून आता खुशाली पुरे करते आणि हकिकतीला लागते. आमचा ओटा झाला!

तुला ओटा म्हणजे काय कळणार म्हणा, तू खानावळीत जेवणारा. तर नव्या घराच्या भिंती दिवाळीलाच उभ्या राहिल्या होत्या. त्याच वेळी मी जाहीर केलं की या घरात स्वयंपाक उभ्याने होईल. दगडाचा उंच ओटा, त्यावर स्टोव्ह, शेजारी पोळपाट, खाली डबे. सासूबाईंनी हातातली जपमाळ थांबवून विचारलं, “उभ्या उभ्या? स्टेशनवर चहा करतात तसा?” त्या दिवसापासून घरात तीन पक्ष पडले. सासूबाई जमिनीच्या बाजूच्या. (गुडघे इतके दुखतात की खाली बसल्यावर उठवायला दोघी लागतात, पण जमीन सोडणार नाहीत.) मी ओट्याची. आणि तुझे जिजाजी मकरान्याचे. ओटा करा किंवा करू नका, दगड मात्र मकरान्याचा पांढरा संगमरवर हवा, कारण आपण मारवाडातले, आपल्या पणजोबांनी तो डोंगर पाहिलेला. (पणजोबा तिथून दुष्काळात पळून आले होते, डोंगर बघायला थांबले असतील असं मला वाटत नाही. पण हे मी बोलले नाही.)

मग यांनी मालधक्क्याजवळच्या लादीवाल्या शेठकडून हातभर लांबीचे तुकडे आणले. मकराना, शहाबादी, कोटा आणि काळा कडप्पा. सगळे ओसरीत ओळीने मांडले आणि जो येईल त्याला मत विचारायचं. शहाबादी बघून सासूबाई म्हणाल्या, पोस्ट ऑफिसात बसल्यासारखं वाटेल. कोट्याला यांचा विरोध, रंग ओल्या पाटीसारखा म्हणून. मी सरळ चारींवर हळद कालवून ओतली, शेजारी लोणच्याचं तेल सोडलं आणि अर्धं लिंबू पिळलं, आणि दुपारची झोप काढून आले. उठून धुतलं तर मकराना पिवळाधमक! साबण झाला, राख झाली, यांनी तर दाढीचा ब्रशसुद्धा चालवला, पण डाग जागचा हलेना. लिंबू पडलं तिथे तर हाताला खरखर लागायला लागली. आमचा नथ्थू मिस्त्री बांधकाम सोडून हा तमाशा बघत बसला होता, तो म्हणाला, “बाई, हाऊ दगड शे, नवरदेव नही शे. इतलं काय देखतस?”

आता राहिला कडप्पा. मला तो पहिल्यापासून आवडला होता. काळा, गार, पाणी मारलं की आरशासारखा. पण सासूबाई म्हणाल्या, तुकडा चांगला दिसतो, वापरातला दाखवा. हे मात्र त्यांचं बरोबर होतं. लादीवाल्या शेठनी सांगितलं की चाळीसगावला रिखबचंदजी म्हणून आपल्यातलेच धान्याचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे कडप्प्याचा ओटा बसवून बरीच वर्षं झाली. “मी ट्रकवाल्याबरोबर निरोप पाठवतो, तुम्ही रविवारी जा.” निरोप पोचला, अमृत. फक्त अर्धा पोचला. “जळगावची चांगली ओसवाल मंडळी रविवारी बघायला येत आहेत,” एवढाच. काय बघायला, ते त्या ट्रकवाल्याने वाटेत कुठेतरी सांडलं.

आम्ही तिघं पॅसेंजरने निघालो. मी पिशवीत लिंबू आणि हळदीची पुडी घेतली होती. (त्यांची परवानगी असेल तर.) स्टेशनवरून टांगा केला, घराशी उतरलो तर दारात रांगोळी, ओसरीवर पाणी शिंपडलेलं, आत गादीवर पांढरी चादर, आणि रिखबचंदजी, त्यांचे थोरले बंधू, एक मामा असे तिघं नव्या टोप्या घालून बसलेले. केशरी दूध आलं, कलाकंद आला. मला वाटलं, किती मोठ्या मनाची माणसं! परक्याला ओटा दाखवायचा तर एवढा थाट. तुझे जिजाजी खूश होऊन म्हणाले, “आम्ही फार वेळ घेणार नाही. एकदा नजरेखालून घातली की निघू.” (यांच्या तोंडात ‘लादी’ बसलेली, म्हणून ‘घातली’. इथेच सगळा घोटाळा झाला.)

रिखबचंदजी म्हणाले, निवांत बघा, आपलीच समजा.

“काळी आहे असं ऐकलं,” हे म्हणाले.

दाराआडून रिखबचंदजींच्या पत्नी, मोहनबाई, बोलल्या, “काळी कोण म्हणालं? चांगली गव्हाळ आहे.”

“नाही नाही, आम्हाला काळीच हवी! पांढरीच्या नादात मी फसलो होतो. पांढरी घरात आणली की चार दिवसांत पिवळी पडते.”

मामांनी टोपी काढली आणि परत घातली. तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, जाडी किती? मोहनबाई चाचरत म्हणाल्या, तशी अंगाने भरलेलीच आहे. त्यावर सासूबाई म्हणाल्या, भरलेलीच बरी, पातळ असली की भार सोसत नाही. हे मोहनबाईंना एवढं पटलं की त्या दाराआडून बाहेरच आल्या. यांनी विचारलं, किती वर्षं झाली? थोरले बंधू म्हणाले, एकविसावं लागलं. आणि तुझे जिजाजी, देवा, मांडीवर थाप मारून ओरडले, “एकवीस वर्षं! आणि अजून तडा नाही?”

त्याच क्षणी आतला पडदा हलला आणि निळी साडी नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली मुलगी सुपारीचं तबक घेऊन आली. मी रांगोळी आठवली, कलाकंद आठवला, टोप्या आठवल्या. यांच्याकडे पाहिलं तर हे अजून तिच्या मागे बघत होते, लादी कोण उचलून आणतंय म्हणून! मी पदराआडून यांचा पाय जोरात दाबला. तेवढ्यात रिखबचंदजींनी हात जोडून विचारलं, “मुलगा काय करतो? गोत्र कोणतं?”

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? उठून म्हणायचं की माफ करा, आम्ही तुमचा दगड बघायला आलो? त्या मुलीसमोर? तिच्या आईने केशर घातलेलं दूध पिऊन? मी यांना बोलूच दिलं नाही. मुलाबद्दल जे सांगायचं ते सांगितलं (ते नंतर लिहिते, आधी ओट्याचं पुरं करू दे) आणि म्हटलं, मला एकदा स्वयंपाकघर बघायचं आहे. हे ऐकून सगळ्यांचे चेहरे असे खुलले! मामा म्हणाले, पाव्हण्यांना घरंदाजपणाची पारख आहे.

आणि अमृत, तो ओटा! खिडकीखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसंध काळा, कडा गोल घासलेल्या, खिडकीबाहेरचा कडुलिंब त्यात दिसत होता. मी हात फिरवला. बोटाने टिचकी मारली, खणखणीत आवाज. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी त्यावर गाल टेकवला. इतका गार! मागून आवाज आला, “तुम्ही मला बघायला आलात की याला?”

ती मुलगी होती. कंचन तिचं नाव. तबक ठेवायला आली होती. माझ्या तोंडून खोटं निघेचना. मी म्हटलं, “याला.” मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर बापाला हाक मारेल. ती ओट्याला टेकून पदरात तोंड घालून एवढी हसली की तिला ठसका लागला आणि मला तिला पाणी द्यावं लागलं. म्हणाली, “तरीच! याआधी तीन मंडळी येऊन गेली, पण जाडी कोणी विचारली नव्हती.” मग हसू ओसरल्यावर तिने हळूच विचारलं, “मग मुलगा खरा आहे की तोही नाही?” मी म्हटलं, मुलगा खरा आहे, त्याच्यापुरतं मी खोटं बोलले नाही. मग पिशवीतून डोकावणारं लिंबू बघून म्हणाली, “द्या इकडे.” स्वतःच ओट्यावर पिळलं. कडप्प्यावरही पांढुरका डाग पडतो बरं का (घरच्या तुकड्यावरही पडला होता), कोणी लपवून सांगू नये. तिने बोटभर खोबरेल चोळलं आणि डाग नजरेला दिसेनासा झाला. आणि खोड सांगितली ती दगडाची नव्हे, घराची. ओटा तिच्या वडिलांच्या उंचीने बांधला आहे, ज्यांनी जन्मात त्यावर चहासुद्धा केला नाही. म्हणून ती आणि तिची आई रोज पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटतात. “बांधाल तेव्हा जी रांधणार तिच्या कोपराखाली चार बोटं धरा,” म्हणाली.

इतक्यात सासूबाई आत आल्या. कंचनने त्यांचा हात धरून त्यांना पाटावर उभं केलं, समोर पोळपाट ठेवला आणि कणकेचा गोळा दिला. सासूबाईंनी एक फुलका लाटला. मग दुसरा. तिसऱ्याला त्या थांबल्या, खाली आपल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आज गुडघे बोलले नाहीत गं.” अमृत, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांना उठताना कण्हतानाच पाहिलं आहे. कंचनने पुढचा गोळा दिला. त्या सगळी परात संपवूनच पाटावरून उतरल्या, आणि आम्ही सूर्य मावळायच्या आत त्याच फुलक्यांवर जेवून गाडी धरली.

पुढे काय सांगू? कडप्पा ठरला. नथ्थूने परवा ओटा बसवला, सासूबाईंच्या कोपराखाली चार बोटं. मकरान्याचा पिवळा तुकडा यांनी दुकानात नेला आहे, वजन म्हणून कागदांवर ठेवतात. तू सुट्टीत ये आणि डोळ्यांनी बघ. पहूरला आई-बाबांना पत्र टाकत जा. प्रकृतीला जप.

तुझी जीजी,
सौ. कुसुमलता

ता. क. मुलाबद्दल काय सांगितलं ते लिहायचं राहिलं. घाईत दुसरं कोणी सुचेना, म्हणून तुझं सांगितलं. धुळ्याला शाळेत भूगोल शिकवतो, स्वभाव शांत, व्यसन नाही. गोत्राची अडचण निघाली नाही. तू दिवाळीत “अजून विचार केला नाही” म्हणालास ना, आता तीच मंडळी येत्या रविवारी, बावीस तारखेला, तुझ्याकडे येतात तेव्हा कर. पहूरला कळवलं आहे, आई-बाबा शनिवारच्या एस.टी.ने पोचतील. कंचनही येते आहे. तिने घरात सांगितलं की या वेळी बघायला मी जाणार, आणि रिखबचंदजींना हो म्हणावं लागलं. दाढी कर.

आणखी एक. ओट्याबद्दल वर फार आनंदाने लिहिलं आहे ते खरंच आहे, पण वस्तुस्थिती अशी की परवापासून सासूबाई ओट्यावरून हलत नाहीत. मला हात लावू देत नाहीत. मी खाली बसून भाजी चिरते. हे पत्रसुद्धा जमिनीवर बसूनच लिहिते आहे.

शेवटचं, आणि हे नीट वाच, कारण पत्र खरं यासाठी आहे. तुझ्या खोलीत उभा ओटा आहे का असं कंचनने मला निघताना विचारलं आणि मी आहे म्हणून बसले. तेव्हा आमच्या ओट्यातली उरलेली कडप्प्याची लादी गुरुवारी झुलाल ट्रकवाल्याबरोबर तुझ्याकडे येते आहे. घरमालकाच्या हातापाया पड, मिस्त्री बघ, आणि रविवारच्या आत खिडकीखाली बसवून घे. उंचीसाठी पाकिटात पांढरा दोरा ठेवला आहे, जमिनीपासून तेवढीच धर, बोटभरही कमी-जास्त नको. दोरा मी मोजलेला नाही. आमचा टांगा निघाला तेव्हा कंचन धावत बाहेर आली, माझी मूठ उघडून त्यात ठेवला आणि म्हणाली, “त्यांना सांगा, माझ्या कोपरापासून चार बोटं सोडून घेतलाय.”