चंद्रीने पोत काढली

ता. ४ फेब्रु. १८८४, कल्याण
शाळेत आज नऊ मुली. पाठ 'खरा आनंद', ठाण्याहून मिशनच्या मडमसाहेबांनी लिहून पाठवलेला. पोरींना विचारले, आनंद कशात असतो गं? एकजात ओरडल्या: बांगड्यांत! जत्रेत! गुळाच्या पोळीत! आगऱ्यांची चंद्री (वय आठ, लग्न गेल्या वैशाखात) म्हणाली, "आयेच्या मांडीवर निजताना." तिथे गप्प बसावे ना मी? नाही! सांगत सुटले, दागिने चोर नेतो, आई आज आहे उद्या नाही, प्रभू येशू तेवढा कायमचा. पोरीचे तोंड एवढेसे झाले.

ता. ६
सुटल्यावर चंद्री मागे राहिली. "बाई, तुमच्या गल्यात काय नाय. तरी तुमी आनंदी?"
म्हटले, हो.
(बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेबांच्या सांगण्यावरून मंगळसूत्र उतरवले. तेव्हापासून माहेरचे तोंड पाहिलेले नाही. हे पोरीला कशाला.)
तिने लग्नातली काळी पोत गळ्यातून काढली नि माझ्या हातावर ठेवली. "येशूला द्या. मंग मला पन खरा आनंद." मला असे काही भरून आले! पोटाशी धरले तिला. पोत पेटीत ठेवली. अकरा वर्षांत माझे शिकवणे पहिल्यांदा कुणाला पटले.

ता. ७
काय करून बसले हे मी!
चंद्रीची आई सकाळीच दारात. "बाय, तिचा दादला जिता हाय! नि पोरगी मोकल्या गल्यानं अख्ख्या गावातून चालत आली. तिच्या सासूच्या भावानं बगितली." पेटी उघडून पोत दिली, हात जोडले, पाया पडायचे तेवढे बाकी ठेवले. ती म्हणाली, "तुजा देव तुला लखलाभ."
माझ्या मंगळसूत्राचा दोरा तुटला तर दुसरा बांधीपर्यंत आई मला उंबरा ओलांडू देत नसे. असल्या घरची लेक मी, आणि मला कळू नये? पोत तिथल्या तिथे तिच्या गळ्यात परत बांधायची होती. आनंदाने डोळेच फिरले माझे, दुसरे काय.

ता. ११
दोनच मुली आल्या. त्याही खेळायला.
सासरचे म्हणतात, चंद्रीला आताच नेतो, इथे राहिली तर बाटेल. एरवी न्हाण येऊन शहाणी होईपर्यंत चार-पाच वर्षे आईपाशीच असती. यांना म्हटले, तुम्ही जाऊन बोला. हे म्हणाले, "मी पाद्र्यांचा माणूस. मी गेलो तर आजच नेतील." खरे आहे. म्हणाले, प्रार्थना कर. गुडघे टेकले. काय मागावे तेच सुचेना, तशीच उठले.

ता. १४
मडमसाहेबांचे पत्र. यांनीच कळवलेले दिसते. फार हर्ष झाला म्हणे. एका बालिकेने अलंकार टाकून प्रभूला पत्करले, असे विलायतेला लिहिणार. पुढे त्या पोरीचे काय झाले, ते कुणी विचारील तर! उत्तर लिहायला बसले. तीन कागद फाडले. चूक माझी, हे एवढेच लिहायचे होते.

ता. १६
नेली. होडीतून. डोंबिवलीच्या अंगाला खाडीवर मिठागर आहे त्यांचे. मी बंदरावर लांब उभी, जवळ जायची छाती नाही. तिची आई कमरेएवढ्या पाण्यात होडीमागे गेली. लोकांनी धरून आणली. घरी येऊन भात टाकला, करपला.

ता. १ मार्च
राहवेना. यांना न सांगता मीठवाल्यांच्या होडीत बसून गेले. सासू वाईट नाही हो. सावलीला बसवले, पाणी दिले. पण माझ्यावरची नजर हलवली नाही. चंद्री मिठाची पाटी घेऊन बांधावरून येत होती. पायांच्या भेगांत मीठ गेलेले, टाचा उचलून चालते. मला पाहून हसली! मला वाटले होते, तोंड फिरवील. फिरवले असते तर बरे होते.
सासू पाटी उतरवायला वळली तेवढ्यात जवळ आली. हळूच म्हणाली, "बाई, मी सगला केला तुमी सांगितला तसा. रोज वाट बगते. मला अजून आनंद नाय आला. माजा काय चुकला?"
सासूने हाक मारली. ती गेली.
अमावास्येनंतर ती होडी परत जाणार आहे. जाईन म्हणते. पण जाऊन तिला सांगू काय?