सोडलेली बस

प्रिय दादा,

पप्पांना अर्धांगवायू झाला त्याला तीन वर्षं झाली. तू एकदा येऊन गेलास, मी नोकरी सोडून इथंच राहिले. दर रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकबाई म्हणतात, "किती आनंदानं वाहतेस गं आपला वधस्तंभ!" मी नुसती हसते. आनंद कसला, दादा? मी अडकले होते.

आज दुपारी सूप भरवताना पप्पांनी तिसऱ्यांदा घास थुंकला, थेट माझ्या तोंडावर. मी वाटी आदळली. "मरा एकदाचे!" असं ओरडून तशीच घराबाहेर पडले. थांब्यावर बस उभी होती. कंडक्टरनं विचारलं, "येताय का बाई?" अडवणारं कुणी नव्हतं. पायरीवर पाय ठेवून मनातल्या मनात प्रभूला विचारलं, जाऊ का? तो वधस्तंभाकडे स्वतःहून गेला होता, एवढंच आठवलं.

"नाही, निघा तुम्ही," मी म्हणाले.

घरी आले तेव्हा पप्पांचे डोळे दाराकडेच लागलेले होते. मी त्यांची माफी मागितली, तोंड पुसलं आणि उरलेलं सूप पुन्हा गरम करून भरवलं. अर्धं याही वेळी सांडलं. पण आज पहिल्यांदाच मी त्यांच्याजवळ आपल्या पायांनी आले होते.

हे पत्र तुला टोचावं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता ती खुमखुमी उरली नाही, तेव्हा टपालपेटीत टाकत नाही. फार दमलेय रे. पप्पांना कुशीवर वळवायची वेळ झाली, उठते.

तुझीच,
धाकटी