मागे ठेवलेला फोटो

चि. सूनबाई, अनेक आशीर्वाद.

तू फोनवर सांगितलंस तसा पिठाच्या डब्यातून पेनड्राइव्ह काढला आणि वकीलबाईंसाठी तुझ्या जखमांचे फोटो टॅबमध्ये घ्यायला बसलो. सगळे एकदम घेता येतात हे मला कुठे ठाऊक! एकेक करून अठ्ठावीस घेतले. एक मात्र मुद्दाम मागे ठेवला. तू फळीवर लपवलेल्या मोबाइलने टिपलेला तो; त्यात माझ्या मुलाने तुझ्यावर पट्टा उगारलाय आणि मागे खुर्चीत मी टीव्ही बघतोय. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात तो आला. "म्हातारपणी काय चाळे चाललेत, बाबा?" टॅब मी उशीखाली सरकवला, पण पेनड्राइव्ह त्याने हातोडीने ठेचला. मध्ये घातलेला माझा हातही ठेचला. दोन बोटं गेली. हे डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस.

आज वकीलबाई म्हणाल्या, "आजोबा, जखमा दिसतात, पण मारणारा कुठे दिसतोय?" पोरी, तो त्या एकाच फोटोत होता.

आता कोर्टात त्या फोटोच्या जागी मीच उभा राहीन म्हणतो. ऐन वेळी धीर होईल की नाही, ठाऊक नाही. साक्ष दिली, तरच हे पत्र पेटीत टाकीन.

तुझा अपराधी,
सासरा